दोन मजल्यांची आई

मूल कोणाचं, हा प्रश्न माणसाला फार पूर्वीपासून पडत आलेला आहे. परंतु त्यासाठी स्वतंत्र खिडकी उघडून ती साडेदहा ते दोन या वेळेत (मधे जेवणाची सुट्टी) चालू ठेवण्याचं श्रेय बालहित कार्यालयालाच द्यावं लागेल. त्याआधी हा प्रश्न अगदी ओबडधोबड पद्धतीनं सुटायचा. जिला मूल झालं तिचं ते, असं लोक धरून चालायचे. अर्ज नाही, पडताळणी नाही, साधा शिक्कासुद्धा नाही. एवढ्या जोखमीचं काम हजारो वर्षं असं तोंडी चालत होतं आणि तरी माणसं जगली, याला नशीब म्हणायचं, दुसरं काय.

कार्यालयाची इमारत दोन मजली आहे. तळमजल्यावर 'जन्मदाते पालक विभाग', वरच्या मजल्यावर 'इच्छुक पालक विभाग'. ज्यांचं मूल कार्यालयानं आणलं त्यांनी खाली यायचं, ज्यांना ते न्यायचं त्यांनी वर. खाली एक लाकडी बाक आहे. त्याचा एक पाय आखूड असल्यामुळे एका टोकाचा माणूस उठला की दुसऱ्या टोकाच्यानं स्वतःला सावरायचं असतं. त्यामुळे पालकांमध्ये परस्परांविषयी जाणीव निर्माण होते. वर गादीच्या खुर्च्या आहेत, पंखा फिरतो, कोपऱ्यात गार पाण्याचं यंत्र आहे. खालच्या फाइली वर जात नाहीत आणि वरच्या खाली येत नाहीत, कारण गोपनीयता. माणसांना जायला जिना आहे. पण खालचं कोणी वर जात नाही.

पालकांच्या हक्कांविषयी इतकी आस्था मी अन्य कोठेही पाहिली नाही. कार्यालयानं 'पालकांचे हक्क' ही छत्तीस पानी पुस्तिका काढलेली आहे. मुखपृष्ठावर एक हसरं मूल आहे (ते एका कारकुनाचं, घरीच असतं). हक्क एकूण नऊ. मूल दुसऱ्या घरी सोपवल्यानंतर एकविसाव्या दिवशी ही पुस्तिका पालकांना विनामूल्य मिळते. आधी देत नाहीत, कारण आधी मूल कुठं ठेवायचं याची धावपळ चाललेली असते. त्या धावपळीत पालक हक्क बजावत बसले तर कामाचा खोळंबा होतो. गेल्या वर्षी एक हजार तीनशे चाळीस पालकांनी आपले हक्क बजावले. पैकी एक हजार तीनशे चाळीस प्रकरणं वेळेत निकाली निघाली. मुलं किती परत गेली याची आकडेवारी ठेवण्याची तरतूद नाही.

हे हक्क प्रत्यक्षात कसे लाभतात ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या उदाहरणावरून पाहू.

ही बाई एका खोलीत राहते आणि खिडकीपाशी मशीन मांडून लोकांच्या कपड्यांची उंची कमी करते, कंबर सैल करते, चेन बदलते. (कंबर आवळून देण्याचं काम तिच्याकडे वर्षातून एखाददुसरंच येतं.) तिला एक मुलगी. रांगायच्या वयात जमिनीवर पडलेली बटणं वेचून गालात साठवायची म्हणून तिला सगळे बटण म्हणतात. मुलीच्या वडिलांना कायद्यानं आईइतकेच हक्क होते. त्यांनी पुस्तिकेत नसलेला एकच हक्क बजावला. ते निघून गेले.

बटण चार वर्षं आणि एक महिन्याची असताना बाईच्या पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स. ते आतल्या आत फुटलं आणि बाईला एकोणीस दिवस दवाखान्यात पडून राहावं लागलं. समोर राहणाऱ्या काकूंनी बटणला आपल्याकडे नेलं. चौथ्या दिवशी काकूंच्या बहिणीचं बाळंतपण अडलं आणि त्यांना तातडीनं परगावी जावं लागलं. काकू मनानं चांगल्या. त्यांनी बालहित कार्यालयाला फोन करून विचारलं, की या पोरीला दोन दिवस सांभाळायची काही सोय होते का.

आता कार्यालयाच्या नोंदवहीत 'विचारणा' असा रकानाच नाही. तक्रारीची तारीख, तक्रारदार, हेळसांडीचा प्रकार, असे तीन रकाने आहेत. फोन घेणारा कारकून कर्तव्यदक्ष. रकाना मोकळा सोडणं त्याच्या स्वभावात नाही. त्यानं काकूंना तक्रारदार केलं आणि हेळसांडीच्या रकान्यात लिहिलं : 'मूल सांभाळण्यास घरात कोणीही नाही.' संध्याकाळच्या आत गाडी येऊन बटणला घेऊन गेली. काकूंनी गाडीवाल्याचे आभार मानले. दोन दिवसांच्या सोयीसाठी गेलेली मुलगी चौदा महिने राहिली. पाहुणचाराच्या बाबतीत हे कार्यालय हात आखडता घेत नाही.

पहिला हक्क कळवलं जाण्याचा. बाईला रीतसर कळवण्यात आलं. ती दवाखान्यात आहे हे कार्यालयाला ठाऊक होतं, किंबहुना त्याच कारणासाठी मूल आणलेलं होतं; परंतु नोटीस राहत्या पत्त्यावरच द्यावी असा नियम आहे. म्हणून ती बंद दाराला चिकटवली. चिकटवलेली नोटीस सात दिवसांनी वाचली गेली असं धरतात. ती कोणी वाचली याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. उत्तर न आल्यामुळे बाईला मुलीत रस नसल्याची नोंद झाली आणि बाईच्या दवाखान्यातल्या तेराव्या दिवशी बटण एका घड्याळजीच्या घरी 'तात्पुरती सोपवणूक' या सदराखाली गेली. घड्याळजी आणि त्याची बायको सहा वर्षांपासून वरच्या मजल्याच्या यादीत होती. फार सालस माणसं.

बाई दवाखान्यातून सुटली ती टाके सांभाळत थेट तळमजल्यावर आली. तिथल्या कारकुनानं (तोच, रकानेवाला) तिला पुस्तिका दिली नाही, कारण एकविसावा दिवस दोन आठवड्यांवर होता. पण दुसऱ्या हक्काची माहिती दिली. तो ऐकून घेतलं जाण्याचा. दर दुसऱ्या गुरुवारी अकरा ते अकरा वीस पालकांचं ऐकून घेतात. ऐकून झाल्यावर त्याची दखल घेणं हे निराळं काम असून त्यासाठी निराळं पद आहे. ते रिकामं आहे. तिसरा हक्क मोफत वकिलाचा. खर्चात बचत म्हणून पालकांची हरकत आणि कार्यालयाचं त्यावरचं उत्तर एकच वकील लिहितो. माणूस अत्यंत निःपक्षपाती. बाईची हरकत त्यानं इतक्या तळमळीनं लिहिली, की तिचं खंडन करताना स्वतः त्यालाच दोन दिवस जास्त लागले.

चौथा हक्क भेटीचा. मला स्वतःला हा सर्वांत आवडतो. दर बुधवारी चाळीस मिनिटं. भेटीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, चाक निघालेलं एक लाकडी इंजिन आणि वही घेतलेली निरीक्षिका. पहिल्या बुधवारी वेळ संपल्यावर बटण आईच्या ओढणीला लोंबकळून रडली. निरीक्षिकेनं नोंद केली : 'भेटीमुळे मूल अस्वस्थ होते. भेटी पंधरवड्याने ठेवाव्यात.' बाईला कारकुनानं ही नोंद वाचून दाखवली. पुढच्या खेपेला तिनं पोरीला जवळ घेऊन समजावलं, की निघताना शहाण्यासारखं वागायचं, अजिबात रडायचं नाही. पोर गुणाची. खालचा ओठ दातात धरून उभी राहिली आणि हात हलवला. नोंद : 'निरोपाच्या वेळी मूल निर्विकार. आईविषयीची ओढ ओसरली आहे. भेटी महिन्याने ठेवाव्यात.'

महिन्यानं भेट झाली तेव्हा बटणनं आत आल्याआल्या पहिलं काय विचारलं असेल, तर, "आई, आज रडायचंय की नाही रडायचंय?"

बाईनं निरीक्षिकेकडे पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा. हिनं करायचं तरी काय?"

निरीक्षिका काही दगड नव्हती. तिनं पेन खाली ठेवलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाली, "मला मत देता येत नाही हो. मी फक्त लिहिते." मग तिनं तेही लिहिलं : 'माता निरीक्षिकेवर प्रभाव टाकू पाहते.'

पाचवा हक्क संमती न देण्याचा. कायम सोपवणुकीला पालकांची संमती अनिवार्य आहे. ती दिल्याशिवाय मूल कोणालाही कायमचं देता येत नाही. पालकांनी संमती दिली तर प्रश्नच मिटला. न दिली, तर ती 'अवाजवीपणे रोखलेली' आहे का हे तपासतात. वाजवीपणे रोखलेली संमती कशी असते याचं उदाहरण पुस्तिकेत देणार होते, पण पानं छत्तीसच बसली. अवाजवीपणे रोखलेली संमती दिली असं समजतात. मात्र पालकांच्या हरकतीचा कागद जोवर फाइलीत आहे तोवर कायमचा हुकूम निघत नाही, फक्त लांबतो. बाईनं हरकत घेतली आणि ती धरून बसली. फाइल सरकेना. घड्याळजीलाही मुलगी आपली म्हणता येईना आणि बाईलाही. सहा महिने गेले.

इथवर सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. बिघडलं ते पाण्यामुळे.

एका गुरुवारी बाई आपलं ऐकून घेतलं जाण्यासाठी बाकावर बसलेली असताना तिला घेरी आल्यासारखं झालं. तळमजल्याचा नळ कोरडा होता. कारकून म्हणाला, "ताई, वर जा. वर असतं पाणी." अशा रीतीनं या कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच खालचं माणूस जिना चढलं. वर पोचताच एका टापटिपीच्या मुलीनं हसून स्वागत केलं, खुर्ची दिली, न मागता पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "मूल हवंय ना?"

बाईनं पेला अर्ध्यातच खाली घेतला. "हो."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"वयाची काही अट?"

"चार वर्षं सात महिने."

स्वागताच्या मुलीनं मान वर केली. लोक सहसा तान्हं मागतात. "इतकं नेमकं?"

"त्याच मापाचे फ्रॉक शिवून ठेवलेत," बाई म्हणाली.

त्या मुलीला हे इतकं भावलं की तिनं स्वतः अर्ज भरायला घेतला. मी हे मुद्दाम नमूद करतो, की बाई वरच्या मजल्यावर एक अक्षरही खोटं बोलली नाही. 'सध्या घरात राहत असलेली मुले' या रकान्यात शून्य लिहिलं. खरंच होतं ते. 'मुलांचा पूर्वानुभव' मध्ये चार वर्षं एक महिना लिहिलं. 'मूल का हवे?' या प्रश्नाला बहुतेक अर्जदार पुरवणी जोडतात. बाईनं सांगितलं, "सवय झालीय." तसंच लिहिलं.

आता घराची पाहणी. दोन्ही मजल्यांचे निरीक्षक वेगवेगळे असावेत अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात माणूस एकच. मंगळवारी सकाळी तो तळमजल्याच्या वतीनं येऊन गेला. जन्मदात्यांकडचं काही घ्यायचं नाही असा नियम असल्यानं त्यानं पाणीही घेतलं नाही. त्याच दिवशी दुपारी तो वरच्या मजल्याच्या वतीनं पुन्हा आला. इच्छुकांकडे मोकळं वातावरण निर्माण करायचं असतं, म्हणून चहा घेतला, बिस्किटं घेतली आणि पाय पसरून बसला. बाई म्हणाली, "साहेब, सकाळी तुम्हीच आला होतात ना?"

"ते काम वेगळं," तो म्हणाला. "सकाळचं मी दुपारी काढत नाही. डोकं फिरेल माणसाचं."

दोन्ही अहवाल माझ्या पाहण्यात आले आहेत. नमुन्यादाखल काही नोंदी देतो.

एकच खोली. सकाळी : 'जागा अत्यंत अपुरी.' दुपारी : 'मूल सतत नजरेसमोर राहील.'

शिलाई मशीन. सकाळी : 'घरात टोकदार यंत्र.' दुपारी : 'अर्जदार स्वावलंबी, हातात कला.'

नवरा नाही. सकाळी : 'वडिलांच्या छत्राचा अभाव.' दुपारी : 'घरात वादावादीस वाव नाही.'

आजारपण. सकाळी : 'प्रकृती बेभरवशाची.' दुपारी : 'अपेंडिक्स काढून टाकलेले असल्याने त्या बाजूने आता कसलाही धोका नाही.'

दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, मुलीची उंची दर दोन-तीन महिन्यांनी मापल्याच्या. सकाळी : 'भिंती घाण केलेल्या. शिस्त नाही.' दुपारी त्यानं चष्मा लावून त्या रेघा वाचल्या, सर्वांत वरच्या रेघेवर बोट ठेवून उभा राहिला, काहीतरी विचारावं असं त्याच्या मनात आलेलं दिसलं. पण दुपारच्या नमुन्यात तसा प्रश्न नव्हता. 'मुलांविषयी आवड,' असं लिहून तो निघाला.

बाईला शंभरापैकी एक्याण्णव गुण पडले.

तिच्या अर्जाशी जुळणारं मूल कार्यालयाकडे एकच होतं. ते घड्याळजीकडे होतं हे खरं. परंतु कायम सोपवणुकीच्या फाइलीत 'निवड करण्यात आली' असं वाक्य लिहायचं असतं आणि त्यासाठी अर्ज किमान दोन लागतात. दुसरा अर्ज आयता मिळाल्याबद्दल वरच्या मजल्यावरच्या अधिकारी बाईंनी समाधान व्यक्त केलं. या बाई मोठ्या हळव्या. मुलाला नव्या घरी पाठवताना त्यांचा दरवेळी गळा दाटतो.

इच्छुक पालकांची मुलाशी पहिली भेट वरच्या मजल्यावर गालिच्याच्या खोलीत होते. मूल नव्या माणसाला बुजणार हे गृहीत धरून पहिल्या भेटीत पाच फुटांवरून खेळणं दाखवावं अशी सूचना आहे. बटण दारातून आत आली आणि पाच फूट कुठं गेले ते कोणाला कळलं नाही. बाईच्या मांडीवर चढून, तिच्या दंडाला नाक घासून, तिनं घरच्या मांजरीपासून काकूंपर्यंत सगळ्यांची चौकशी केली. रडायचं की नाही ते मात्र विचारलं नाही. खोली वेगळी आहे हे पोरीच्या लक्षात आलं असावं. अधिकारी बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लिहिलं : 'प्रथम भेटीतच विलक्षण जवळीक. पंधरा वर्षांच्या सेवेत असे पाहिलेले नाही. अर्जदारास मुलांना जिंकण्याची उपजत देणगी.'

भेट झाल्यावर त्यांनी बाईला बाजूला घेतलं. "तुमचं सगळं उत्तम आहे हो. पण एक अडचण आहे. मुलीच्या आईनं हरकत घेतलीय, आणि ती काढून घेत नाहीये. ती निघाल्याशिवाय मला कोणालाच मुलगी देता येत नाही."

"मी तिच्याशी बोलून बघू का?" बाईनं विचारलं.

अधिकारी बाई एकदम गंभीर झाल्या. "चुकूनसुद्धा नको. ती कोण, कुठं राहते, हे तुम्हाला कळणं हाच गुन्हा आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि या बायका ऐकत नाहीत. स्वतः सांभाळायचं नाही आणि दुसऱ्याला सांभाळू द्यायचं नाही."

बाईनं मान खाली घातली. "काढून घेईल ती," म्हणाली.

इथं बाईचा पेच लक्षात घ्यावा. हरकत काढून घेण्याचा कागद म्हणजे मुलीवरचा आईपणाचा सगळा हक्क सोडून दिल्याचा कागद. तो एकदा सही झाला की परत फिरत नाही. ती सही तळमजल्यावर सकाळी अकराला व्हायची आणि दोन अर्जांतून एकाची निवड वरच्या मजल्यावर त्याच दिवशी चारला. अकरानंतर ती आई राहणार नव्हती; चारपर्यंत दुसरं काही झालेली नसणार होती. आणि चार वाजता वरच्यांनी घड्याळजीच्या नावावर बोट ठेवलं, तर तिनं आपल्या हातानं आपली मुलगी देऊन टाकल्यासारखं होणार होतं. घड्याळजीला गुण होते त्र्याण्णव. दोन खोल्या होत्या त्याच्या.

तळमजल्याच्या कारकुनानं कागद पुढं केला, पण लगेच हात मागं घेतला. चौदा महिने ही बाई त्याच्यासमोर बसत आली होती. "ताई, विचार करा. हे मागं घेता येत नाही."

"विचाराला किती दिवस मिळतात?"

कारकुनानं पुस्तिका चाळली. विचार करण्याचा हक्क सहाव्या क्रमांकावर आहे; तो सही झाल्यापासून सुरू होतो. "सही केली की पंधरा दिवस," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

बाईनं सही केली. कायम लोकांचे कपडे हातात असल्यामुळे तिचा हात थरथरत नाही. सुई हलली तर दुसऱ्याचं नुकसान होतं. फक्त सहीच्या शेवटच्या अक्षरावर पेन टेकवून ती तशीच बसून राहिली, आणि शाईचा ठिपका वाढत गेला, तेव्हा कारकुनानं हळूच कागद ओढून घेतला. नोंद केली : 'मातेने स्वखुशीने हक्क सोडले.' खुशी या शब्दाला पर्याय छापील नमुन्यात नाही.

साडेतीनला ती वर येऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर घड्याळजी होता, बायको पलीकडे. इच्छुकांनी एकमेकांशी बोलू नये अशी पाटी समोरच होती. घड्याळजी पाटीकडे पाहत म्हणाला, "पोर झोपताना कानाची पाळी धरते."

"उजव्या," बाई म्हणाली.

"आमच्या हिची धरायला लागली मधे. दोन दिवस. मग म्हणाली, ही ती नाही." त्यानं पाटीवरची नजर बाईकडे वळवली. "हनुवटी तुमचीच आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं, पण तुम्हाला मी कधी पाहिलंच नव्हतं."

चार वाजता तिघांची समिती बसली. अध्यक्षांनी घड्याळजीचं अभिनंदन करायला सुरुवात केली होती, तेव्हा तो उठून म्हणाला, की आमचा अर्ज आम्ही मागं घेतो. समितीला असला प्रसंग नवा होता. अर्ज मागं घेण्याचा नमुना शोधायला वीस मिनिटं लागली. त्यात कारणं छापलेली होती : (अ) अर्जदाराचे आजारपण, (आ) स्थलांतर, (इ) मूल पसंत नाही. घड्याळजी धट्टाकट्टा होता आणि त्याचं दुकान कुठं जात नव्हतं. त्यानं विचारलं, चौथं काही लिहिता येईल का. अध्यक्ष म्हणाले, संगणकात तीनच आहेत. त्याच्या बायकोनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि 'इ' वर खूण केली. तो कागद बटणच्या फाइलीत कायमचा राहील. तिच्या पुढच्या आयुष्यात कोणी फाइल उघडली, तर ही मुलगी एकदा नापसंत झाली होती असं त्याला दिसेल, आणि ते लिहिणारीनं घरी गेल्यावर मुलीचा टूथब्रश तीन महिने पेल्यातून काढला नाही, हे दिसणार नाही.

दुसरा अर्ज मंजूर झाला.

अधिकारी बाईंनी दाटल्या गळ्यानं बाईच्या हाती मुलीचा हात दिला आणि अटी वाचून दाखवल्या. मुलीच्या जन्मदात्या आईला मुलीपासून दूर ठेवावं. ती भेटल्यास तत्काळ कळवावं. मुलीनं जुन्या आईची आठवण काढल्यास विषय बदलावा. बाईनं सगळ्या अटी मान्य असल्याचं शपथेवर सांगितलं. सोबत एक प्रमाणपत्रही मिळालं, जाड कागदावर, गोल शिक्क्याचं : 'सदर स्त्री ही माता होण्यास सर्व दृष्टींनी योग्य असल्याचे या कार्यालयाने तपासून खात्री केली आहे.'

आठवड्याभरात तळमजल्याचंही पत्र तिच्या दाराला लागलं. त्यात लिहिलं होतं, की आपली मुलगी एका सुयोग्य घरी सुखरूप असून तिचा पत्ता आपल्याला सांगता येत नाही. बटणला अजून वाचता येत नव्हतं. आईनं तिला मांडीवर घेऊन ते वाचून दाखवलं. "बिचारी," बटण म्हणाली. कोणाला, ते सांगितलं नाही. समोरच्या काकू परगावाहून परत आल्यापासून फोनला हात लावत नाहीत. कोणाला काही विचारायचं असलं तर चालत जातात.

कार्यालयाच्या वार्षिक अहवालात हे प्रकरण दोनदा आलेलं आहे. तळमजल्यानं ते 'मातेने विनातक्रार हक्क सोडले' या यशात धरलं, वरच्या मजल्यानं 'आदर्श सोपवणूक' या यशात. एका मुलीच्या बाबतीत दोन यशं ही कामगिरी साधी नव्हे, आणि त्याबद्दल मी दोन्ही मजल्यांचं मनःपूर्वक अभिनंदन करतो.

शेवटी एवढंच सांगायचं, की बटण आता शाळेत जाऊ लागली आहे. परवा वर्गात मास्तरीणबाईंनी प्रत्येकाला घरातल्या माणसांविषयी एकेक वाक्य बोलायला सांगितलं. कोणी म्हणालं माझे बाबा उंच आहेत, कोणी म्हणालं माझी आई रागावते. बटण उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आई आई म्हणून पास झालीय. आमच्याकडे शिक्क्याचा कागद आहे." खाली बसताना तिनं शेजारच्या मुलाला, नुसतं माहितीसाठी, विचारलं, "तुझी झालीय का?"

वर्गात एक्केचाळीस मुलं. पैकी चाळीस त्या दिवशी घरी जाऊन विचारती झाली. एका वडिलांनी अर्धा तास कपाट उपसून मुलाचा जन्मदाखला काढला. मुलगा मोठ्या वर्गातल्या बहिणीकडून तो वाचून घेऊन म्हणाला, "यात मी झालो एवढंच आहे. तुमचं नुसतं नाव आहे, पास झाल्याचं काहीच नाहीये यात."

प्रश्न आता वर्गाबाहेर पडलेला आहे. असले प्रश्न एका शाळेत राहत नाहीत. आज ना उद्या आपलंही मूल दप्तर टाकून समोर उभं राहील आणि विचारेल, की तुम्हाला मला ठेवायची परवानगी कोणी दिली. तुम्ही साहजिकच हसून म्हणाल, मी तुला जन्म दिला. मुलं भोळी असतात, त्यांना ते पटेलही. पण तेवढ्यावर भागत असतं, तर ही बाई पहिल्याच दिवशी तळमजल्यावरून मुलीला घेऊन घरी गेली असती.